न्यग्रोधमृग आणि सातवी ‘ब’

पहाटे साडेपाच. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, खान्देशातली कडाक्याची थंडी, अंगावर घोंगडी आणि टेबलावर काचेची पेटी. पेटी म्हणजे लाकडी चौकट, वर दुधी काच, आत एलईडीचा बल्ब. इथल्याच सुतारदादांकडून करून घेतलेली. काचेवर एक कागद ठेवायचा, त्यावर दुसरा. खालचं हरीण वरच्या कागदातून दिसतं. मग वरच्या कागदावर तेच हरीण किंचित पुढे सरकवून काढायचं. कागदांना डाव्या कडेला पंचिंग मशीनने दोन भोकं पाडलेली असतात, पेटीवर दोन खिळे. भोकं खिळ्यांत बसली की कागद जागचा हलत नाही. चित्र हलवायचं तर कागद हलता कामा नये, हा या कामातला पहिला नियम.

आज बाराच्या तासिकेला सातवी ‘ब’ला ‘द बनियन डीअर’ ही कार्टून फिल्म दाखवायची आहे. त्यासाठी हरणाच्या धावेतल्या चार मुख्य अवस्था मी काढून ठेवतोय : झेप घेण्याआधी अंग आकसलेलं, झेप, पुढचे पाय टेकलेले, मागचे पाय पोटाखाली आलेले. मधली चित्रं मुलं भरतील. खऱ्या कार्टून स्टुडिओतही कामाची वाटणी अशीच असे. अनुभवी चित्रकार मुख्य अवस्था काढायचा आणि शिकाऊ मंडळी मधल्या जागा भरायची. मधल्या जागा भरताना हात तयार होतो.

सहा वाजता सुरत-भुसावळ मार्गावरून गाडी जाते, खिडकीच्या काचा थरथरतात आणि मी पेन्सिल उचलून थांबतो. तेवढ्या वेळात या फिल्मची हकिकत सांगतो, कारण मराठी घरांत ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. मुंबईतल्या या सरकारी संस्थेत १९५६ मध्ये कार्टून फिल्म विभाग सुरू झाला. शिकवायला अमेरिकेच्या तांत्रिक मदत योजनेतून क्लेअर वीक्स आले. मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले वीक्स पुढे डिस्नेच्या स्टुडिओत गेले, ‘स्नो व्हाइट’, ‘बांबी’, ‘पीटर पॅन’ अशा चित्रपटांवर काम करून परत या देशात आले, ते इथल्या तरुणांना हलती चित्रं काढायला शिकवण्यासाठी. त्या तरुणांमध्ये रसायनशास्त्राचा पदवीधर राम मोहन होता, जी. के. गोखल्यांसारखे आधीपासून या धडपडीत असलेले मराठी चित्रकार होते. शिकता शिकता या मंडळींनी १९५७ मध्ये जी फिल्म उभी केली, ती ‘द बनियन डीअर’. कथा जातकातली : न्यग्रोधमृग. वडाच्या नावाचा हरणांचा राजा.

पावणेसात. गल्लीच्या टोकाला शेळ्या सोडायची वेळ. मी रोज तिथे दहा-पंधरा मिनिटं उभा राहतो. शेळ्या सोडणाऱ्या माउलीला आता सवय झाली आहे, तरी विचारतेच, “मास्तर, बकऱ्यास्ले काय देखी ऱ्हायनात?”

“पाय देखी ऱ्हायनू, माय.”

खरंच पायच बघत असतो. शेळी संथ चालते तेव्हा आधी मागचा डावा पाय उचलते, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. मागचा पाय पुढच्याच्या खुराजवळ येऊन पडायच्या बेतात असतो, तेवढ्यात पुढचा उठतो. आयुष्यभर शेळ्या पाहिलेल्या मुलालाही हे सांगता येत नाही, कारण त्याने शेळी पाहिलेली असते, चाल पाहिलेली नसते. ‘बांबी’च्या वेळी डिस्नेच्या स्टुडिओत दोन जिवंत पाडसं आणून ठेवली होती. चित्रकार त्यांच्याभोवती बसून महिनोन्‌महिने रेखाटनं करत होते. एवढी थोर माणसं, हातात एवढी कला, तरी त्यांना पाडसासमोर बसावंसं वाटलं. आम्हाला पाडस मिळत नाही, करडू मिळतं. आज दुपारी एक करडू शाळेत आणायची परवानगी मी माउलीकडून काढून ठेवली.

आठ ते दहा घरची कामं, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, डबा.

साडेदहा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, हजेरी. पटावरची सगळी मुलं येत नाहीत. कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळत नाही, म्हणून घरची पोरं शेतात. काहींचे वडील एमआयडीसीत पाळीला, ती पोरं मात्र नेमाने हजर. नरडाण्याच्या आमच्या शाळेतला वर्ग असा दोन वेळापत्रकांवर चालतो, एक पिकाचं आणि एक भोंग्याचं.

अकरा. नववीचा तास. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा होऊन गेल्यात, निकालाची वाट पाहणं चालू आहे. स्थिरचित्र काढायला दिलं : तांब्या, कांदे, चादर. हा तास निवांत जातो.

बारा. सातवी ‘ब’. खिडक्यांना सतरंज्या लावल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली. वीज आहे, इन्व्हर्टरही भरलेला आहे. प्रोजेक्टर लावला. आवाज मी मुद्दाम बंद ठेवतो. गोष्ट मीच सांगतो, अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत. मुलांचे डोळे चित्राकडे राहावेत, कान त्यांच्या ओळखीच्या बोलीकडे.

गोष्ट अशी. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त शिकारीचा शौकीन. रोज शिकार, रोज मांस. प्रजेला कामधंदा सोडून हाक्याला जावं लागे. कंटाळून लोकांनी हरणांचे दोन कळप राजाच्या बागेत हाकलून आणले. एका कळपाचा राजा न्यग्रोध, सोन्याच्या रंगाचा. दुसऱ्याचा शाख. राजाने त्या दोघांना अभय दिलं, बाकीच्यांवर बाण चालूच. बाण चुकून लागे, दहा हरणं जखमी होत, एक मरे. तेव्हा न्यग्रोधाने शाखाशी ठरवलं की आजपासून पाळी लावू. एक दिवस तुझ्या कळपातलं एक, एक दिवस माझ्या कळपातलं एक. ज्याची पाळी त्याने जाऊन वधाच्या ओंडक्यावर मान ठेवायची. निदान बाकीचे जखमी तरी होणार नाहीत.

मग शाखाच्या कळपातल्या एका गाभण हरणीवर पाळी आली. ती म्हणाली, पिल्लू झालं की मी जाते, आत्ता दोघांचा जीव जाईल. शाख म्हणाला, तुझी पाळी दुसऱ्यावर घालता येणार नाही. ती न्यग्रोधाकडे गेली. तो म्हणाला, तू जा, मी बघतो. आणि स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवली.

या जागी वर्गात चुळबुळ थांबते, दर वर्षी थांबते. राजाला आचाऱ्याने बोलावलं. राजा म्हणाला, तुला तर अभय होतं. न्यग्रोधाने कारण सांगितलं. राजाने त्याला आणि हरणीला जीवदान दिलं. न्यग्रोध उठला नाही. बाकीच्या हरणांचं काय? त्यांनाही. बागेबाहेरच्यांचं काय? त्यांनाही. चार पायांच्या इतर प्राण्यांचं? पक्ष्यांचं? पाण्यातल्या माशांचं? एकेक करून सगळ्यांना अभय मिळालं, तेव्हा तो ओंडक्यावरून उठला.

मला या कथेतलं सर्वांत मोठं काही वाटत असेल तर ते हे न उठणं. जीव वाचल्यावरही मान तिथेच ठेवून पुढचं मागणं. त्यागाच्या गोष्टी खूप आहेत. पण वाचल्यावर शेवटच्या माशापर्यंत घासाघीस करणारा राजा मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिलेला नाही.

दिवे लागले. पहिला हात मागच्या बाकावरून वर झाला. मुलगा शेतकऱ्याचा. “सर, आम्हना हरभरा त रोहीस्नी खाई टाका. त्यासले बी अभय का?”

हा प्रश्न आमच्याकडे येणारच. नीलगाईला इथे रोही म्हणतात. हरभऱ्याच्या दिवसांत शेतकरी थंडीत मचाणावर रात्र काढतो, फटाके वाजवतो, तरी सकाळी पट्टा साफ झालेला असतो. वनखात्याकडे पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण खाल्लेले घाटे झाडाला परत लागत नाहीत. या मुलाला “प्राण्यांवर दया करा” एवढं सांगून खाली बसवणं हा त्याच्या बापाच्या जागरणाचा अपमान झाला असता.

आनंद याचा की जातकाने हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे. कथा अभयावर संपत नाही. अभय मिळाल्यावर हरणं शेतांत शिरू लागली, पिकं खाऊ लागली. लोक राजाकडे तक्रार घेऊन गेले. राजा म्हणाला, मी शब्द दिलाय, राज्य गेलं तरी मोडणार नाही. हे न्यग्रोधाच्या कानावर गेलं. त्याने कळप गोळा केला आणि बजावलं, यापुढे कुणाचं पीक खायचं नाही. आणि शेतकऱ्यांना निरोप धाडला की कुंपण घालू नका, शेताच्या कडेने पानांची खूण बांधा, तेवढी पुरे. तेव्हापासून पानांच्या खुणेपलीकडे हरीण गेलं नाही, असं जातक सांगतं.

मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, “म्हणजे राजासले बी ऐकनं पडस आनि हरनेस्ले बी.” मी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. याहून नीट मला लिहिता आलं नसतं.

एक. खिचडीची सुट्टी. गणिताच्या मॅडमना मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांनी सुट्टीनंतरच्या तासाला हिशेब घालून दिला. सिनेमात एका सेकंदाला २४ चौकटी. दहा मिनिटांच्या फिल्मला किती? १४,४००. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी ७,२०० चित्रं, आणि एका चौकटीत पाच हरणं असली तर ती पाचही हलवायची. प्रत्येक चित्र आधी कागदावर, मग पारदर्शक सेलवर पुढच्या बाजूने शाईची रेघ, उलट बाजूने रंग. त्या सेलखाली वडाचं झाड रंगवलेली पार्श्वभूमी ठेवायची आणि वरून कॅमेऱ्याने टिपायचं. मग सेल बदलायची आणि पुन्हा टिपायचं. मुलांनी हिशेब करून वर पाहिलं, तेव्हा दुपारी पाहिलेल्या फिल्मकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं असं मला वाटलं.

अडीच. सलग दोन तासिका मागून घेतल्यात. करडू आलं. व्हरांड्यात बांधलं, समोर बोरीचा पाला. मुलं अर्धगोल करून बसली. पहिली पंधरा मिनिटं पेन्सिल हातात घ्यायची नाही, फक्त मागचा डावा पाय पाहायचा. ही अट मुलांना जड जाते. करडू उडी मारतं, सगळी हसतात, पण उडीआधी ते मान खाली घेतं आणि मागचे गुडघे वाकवतं, हे एकीला दिसलं. तिने ओरडून सांगितलं. मग सगळ्यांना दिसलं.

तीच मुलगी, तिसऱ्या बाकावरची. परीक्षेच्या उरलेल्या पाठकोऱ्या कागदांचे पत्त्याएवढे तुकडे करून दिलेत, त्यावर ती हरीण काढते आहे. पहिल्या तुकड्यावर हरणाची पाठ सरळ. दुसऱ्यावर जरा वाकलेली. तिसऱ्यावर तिने कान मागे घेतले. मी सांगितलं नव्हतं. चौथ्यावर पाय जमिनीवरून सुटले, पण शेपूट खालीच. थोडं थांबून तिने खोडरबरने शेपूट पुसली आणि वर काढली. गठ्ठा अंगठ्याने सोडला, हरीण उठलं, झेपावलं, टेकलं. पुन्हा सोडला. शेजारचा मुलगा वाकून म्हणाला, “हाई पयत नही, उडी ऱ्हायनं.” ती रागावली नाही. टेकायच्या आधी दोन चित्रं कमी आहेत, म्हणून पाय जमिनीला लागत नाहीत, हे तिचं तिलाच कळलं. तिने दोन कोरे तुकडे मध्ये घातले.

हलत्या चित्राचं शिक्षण मला याच्यासाठी हवं आहे. मोबाईलवर ही मुलं दिवसभर कार्टून पाहतात. परदेशी मांजरं, जपानी पोरं, झगमगीत रंग. त्यावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण जे दिसतं ते कुणाच्या तरी डोळ्यांनी आणि हातांनी आधी पाहिलं आहे, हे एकदा करून कळलं की पाहणाराच बदलतो. गाभण हरणी कशी चालते हे काढायला बसलेला मुलगा तिच्यावर दगड मारायच्या आधी थबकतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

चार. मोबाईल स्टँडला उलटा बांधून गठ्ठ्यातली चित्रं एकेक करून टिपली. दोन मुलींनी झेरॉक्सच्या दुकानातून पारदर्शक शीट आणल्या होत्या. त्यांना सेलचा प्रयोग करायचा होता. पोस्टर कलर प्लास्टिकवर धरत नाही, वाळला की पापुद्रा सुटतो. अ‍ॅक्रिलिक धरतो. हे लिहून ठेवा, कामाला येईल.

टिपणं चाललं असताना मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, ते पाठ्यपुस्तकात आहे. पण त्याआधी, भांडवल मिळवण्यासाठी, फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून रोज त्याचं चित्रण केलं. पडद्यावर काही क्षणांत अंकुर फुटून वेल वाढली. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या स्वतः हलतात, आकार करतात. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाने एकेक चौकट थांबवून हे सगळं जुळवलं. १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला, रघुनाथ केळकरांच्या हातचा. म्हणजे हलत्या चित्रांची ही वाट आपल्याच मुलखातून गेली आहे, आणि प्राण्यांच्या तोंडून गोष्ट सांगण्याची हौस तर त्याहून फार जुनी.

मुलांनी विचारलं, ‘द बनियन डीअर’ करणाऱ्यांतले राम मोहन नंतर काय करत होते? मी वर्गाच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे मीना-राजू मंचाचा फलक आहे. ती मीना, पोपटाला खांद्यावर घेऊन फिरणारी, युनिसेफसाठी राम मोहन यांनीच घडवलेली. २०१९ मध्ये ते गेले. मुलांनी फलकाकडे आजवर न पाहिल्यासारखं पाहिलं.

साडेपाच. करडू माउलीकडे पोचवलं. महामार्गालगतच्या चहाच्या टपरीवर इतिहासाचे सर भेटले. त्यांच्या पिढीला दूरदर्शनवरची ‘एक अनेक और एकता’ पाठ आहे. जाळ्यात अडकलेले पक्षी, जाळ्यासकट उडालेले. १९७४ ची फिल्म, दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची. तीही मुळात जुनी प्राणिकथाच. आमचं ठरलं की जानेवारीत सहल अजिंठ्याला न्यायची. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत, चार शरीरं आणि मिळून एकच डोकं. कुठल्याही शरीराकडे पाहा, डोकं त्याचंच वाटतं. सतराव्या लेण्यात रुरु मृगाची जातककथा रंगवलेली आहे, न्यग्रोधासारखाच तोही हरणाच्या रूपातला बोधिसत्त्व. सातवी ‘ब’ची मुलं पेन्सिल घेऊन त्या खांबाखाली उभी राहिली पाहिजेत. चार अवस्था एका डोक्याला जोडणाऱ्या त्या कारागिराला, पंधराशे वर्षांनी का होईना, त्याची खरी गिऱ्हाइकं मिळतील.

आठ. जेवण. मोबाईलवरची चित्रं संगणकावर घेऊन जुळवली. सगळ्या वर्गाची मिळून काही सेकंदांची फिल्म झाली. कुणाचं हरीण लंगडं, कुणाचं जाडं, मधेच एकाने स्वतःची शेळी घातलेली. ती तशीच ठेवली.

साडेनऊ. उद्याच्या आठवीसाठी कागद कापतोय आणि माझ्या चित्रकला शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती लिहून ठेवतोय. वर्षातून एक तासिका ‘द बनियन डीअर’ला द्या. जुन्या सरकारी फिल्म इंटरनेटवर शोधल्या की सापडतात. फिल्म नाहीच मिळाली तर कथा तुमच्या गावच्या बोलीत सांगा, शेतातल्या पिकाच्या शेवटासकट सांगा, आणि मुलांच्या हातात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा द्या. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली. डिव्हिजनच्या कपाटातले जुने कार्टूनपट आता महामंडळाच्या ताब्यात आहेत. महामंडळाने ते मराठी निवेदनासह महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेपर्यंत पोचवावेत. ते जनतेच्या पैशातून झालेले आहेत, आणि नरडाण्याच्या सातवी ‘ब’चा त्यांवर पूर्ण हक्क आहे.